शनिवारी दुपारी काय करायचं? घरगुती डुक्कर-कत्तलीचे नियम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती डुक्कर-कत्तलीचे नियम ठरवणारे सर्व पशुवैद्यकीय अधिकारी

सविनय नमस्कार.

मी पशुवैद्य आहे. माझी बरीचशी नोकरी मोठ्या फार्मांवर नाही, घरामागे दोन-चार डुकरं बाळगणाऱ्या माणसांमध्ये गेली. तुम्ही काढलेली परिपत्रकं त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे ती कुठे पोचतात आणि कुठे अडतात हे मी जवळून पाहिलंय. त्यातल्या एकाच अडचणीबद्दल हे पत्र आहे.

एका घरी तीन डुकरं होती. त्यातल्या मोठ्याने शुक्रवारी संध्याकाळी खाणं सोडलं. घरच्या बाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांनी लगेच जवळच्या पशुवैद्यकीय कार्यालयात फोन लावला. 'सोमवारी बघू' असं उत्तर मिळालं. शनिवारी सकाळी डुक्कर उठेना, कान जांभळट दिसायला लागले. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की हे काही जगत नाही, आणि ते मेलं की वर्षभर खाऊ-पिऊ घातलेलं सगळं मातीत जाणार. त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारली आणि ते कापलं. मी पोचलो मंगळवारी. तोवर फरशी धुऊन झाली होती, मांस चार घरांत वाटलं गेलं होतं, उरलेलं फ्रीजरमध्ये होतं, आतडी कुत्र्यांनी ओढून नेली होती आणि दुसरं डुक्कर कोपऱ्यात मान टाकून पडलं होतं.

मी पिशवीतून नियमावली काढली आणि काय काय चुकलं ते एकेक करून वाचून दाखवलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, शनिवारी दुपारी मी काय करायला हवं होतं, ते यात कुठे लिहिलंय?"

मी पानं चाळली. लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी जिथली मिळेल तिथली नियमावली वाचतो ती हा प्रश्न मनात ठेवून. निरोगी डुक्कर कसं कापावं याबद्दल त्यात पुष्कळ सापडतं. आधी बेशुद्ध करा, स्वच्छ जागा निवडा, नमुना तपासून घ्या, मांस विकू नका. सगळं बरोबर आहे. पण समोर डुक्कर धापा टाकतंय, सुट्टीचा दिवस आहे, डॉक्टर मिळत नाही आणि हातात सुरी आहे, अशा माणसाशी तुमचे नियम बोलत नाहीत. साथ पसरते ती त्याच घडीला. निरोगी डुक्कर ठरवून, वेळ काढून कापलं जातं. आजारी डुक्कर घाईत कापलं जातं, आणि रोगाला हवी असते ती घाईच.

आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य, जीवघेण्या तापाचंच घ्या, कारण आज सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. हा विषाणू माणसाला बाधत नाही. तुमच्या प्रत्येक पत्रकात हे वाक्य पहिल्या ओळीत असतं आणि ते खरं आहे, लोक घाबरू नयेत म्हणून ते लागतंही. पण त्याचा दुसरा परिणाम मी घरोघरी पाहिला आहे. आजारी डुकराचं मांस खाल्लं, कुणाला काही झालं नाही, म्हणजे डुकराला विशेष काही नव्हतं, असा अर्थ लोक काढतात. त्या मांसाची हाडं, कातडीचे तुकडे, भांडी विसळलेलं पाणी हे सगळं खरकटं म्हणून पुढच्या डुकरापुढे जातं, आणि पत्रकातलं ते पहिलं वाक्य तिथे काहीच कामाचं नसतं.

हा विषाणू किती चिवट आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, पण डुकरं पाळणारी मंडळीही हे पत्र वाचतील, म्हणून लिहितो. ४ अंश तापमानाला ठेवलेल्या रक्तात तो दीड वर्ष टिकल्याची नोंद आहे. गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं राहतो. मीठ लावून वाळवलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतो. नुसत्या धुराने मरेल याची खात्री नाही. मांस आतपर्यंत ७० अंशांवर अर्धा तास राहिलं तर तो संपतो. फ्रीजरमध्ये ठेवलं म्हणजे रोग मेला, असं मला कितीतरी घरांत सांगितलं गेलं आहे, आणि सांगणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. गारठ्याने सगळंच टिकतं, त्यात विषाणूही टिकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि रक्त. तापाने फणफणलेल्या डुकराच्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी विषाणू असू शकतात. शंभरेक किलोच्या डुकराचा गळा कापला की तीन-चार लिटर रक्त बाहेर येतं. त्यातलं थोडं भांड्यात धरलं जातं, बाकीचं फरशीवर, मातीत, मदतीला आलेल्यांच्या चपलांना, सुरीच्या मुठीच्या फटीत. जिवंत आजारी डुक्कर आपल्या खोपटापुरता धोका असतं. कापल्यावर तोच धोका चार दिशांना चालू लागतो. कत्तलीला आलेले शेजारी आपापल्या घरी जातात, तिथे त्यांची डुकरं असतात, आणि घरी गेल्यावर पहिलं काम त्यांना खायला घालण्याचं असतं.

आता जरा सुरीच्या टोकाशी या. निरोगी डुकराचं पोट उघडलं की जठराच्या कडेला पाणथरी, म्हणजे प्लीहा, दिसते. लांबट, चपटी, जिभेसारखी, कडा पातळ, रंग लालसर-जांभळा. साथीने पछाडलेल्या डुकराची पाणथरी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी, फुगलेली, काळपट असते, कडा गोल झालेल्या असतात, आणि बोटाने दाबली तर बोट आत रुततं. जठराजवळच्या आणि मूत्रपिंडाजवळच्या लसिका गाठी, ज्या एरवी फिकट असतात, त्या रक्ताच्या गुठळीसारख्या दिसतात. मूत्रपिंडावरचं पातळ आवरण सोललं तर खाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पसरलेले असतात. पन्नास डुकरं कापलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटत नाही. मावशींकडे कापायला आलेल्या माणसानेही ते पाहिलं होतं. मला म्हणाला, "पाणथरी बरी वाटली नाही म्हणून कुत्र्याला टाकली." त्याला कळलं होतं! पण ते कुणाला सांगायचं, सांगितल्यावर आपलं काय होणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने बरी न दिसणारी गोष्ट नजरेआड केली आणि बाकीचं मांस ठेवलं.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. तापाच्या पहिल्या दिवशी कापलेल्या डुकराची पाणथरी अगदी नेहमीसारखी दिसू शकते आणि रक्त मात्र विषाणूने भरलेलं असू शकतं. शिवाय क्लासिकल स्वाइन फीवर हा डुकरांचाच दुसरा विषाणूजन्य ताप आणि आफ्रिकन स्वाइन फीवर नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, माझ्यासारख्यालाही नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून डोळ्यांनी पाहून 'ठीक आहे' असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच देऊ नका. 'ठीक नाही' असं म्हणण्याची वाट मात्र सगळ्यांना मोकळी करून द्या.

नजरेची किंमत काय असते हे २००१ साली ब्रिटनमध्ये दिसलं. लाळ्या-खुरकूत रोग उघडकीला आला तो एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात, तपासणी करणाऱ्या पशुवैद्याने डुकरांमध्ये लक्षणं पाहिली तेव्हा. पण मूळ तिथे नव्हतं. मूळ शोधत गेल्यावर ते उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुक्करपालनापाशी पोचलं, जिथे नीट न उकळलेलं खरकटं डुकरांना घातलं जात होतं. तिथे रोग त्याआधी काही आठवडे मुक्कामाला होता आणि कुणी कळवलं नव्हतं. त्या साथीत साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. कत्तलखान्यात तपासणीचा डोळा असतो. घरामागच्या कत्तलीत तो नसतो, म्हणून तिथे कापणाऱ्याचाच डोळा कामाला लावावा लागतो, आणि तो लागावा असं तुमच्या नियमांत सध्या काही नाही.

खरकट्याचा इतिहास तर त्याहून जुना आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर १९२१ मध्ये केनियातून पहिल्यांदा नोंदवला गेला. आफ्रिकेबाहेर तो पहिल्यांदा निघाला १९५७ मध्ये, लिस्बनजवळ, आणि विमानांतलं उरलेलं अन्न डुकरांना घातल्यामुळे तो आला असं मानलं जातं. २००७ मध्ये जॉर्जियात पोती नावाच्या बंदराच्या वाटेने आला, तिथेही संशय जहाजांवरच्या खरकट्यावरच आहे. तिथून रशिया, मग २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, २०१८ मध्ये चीन, २०२० मध्ये भारत. २०१८ या एका वर्षात रोमानियामध्ये पाळीव डुकरांत हजाराहून जास्त ठिकाणी हा रोग सापडला, आणि त्यातली बहुतेक ठिकाणं म्हणजे घरामागची छोटी खोपटं होती. व्हिएतनाममध्ये काही लशींना परवानगी मिळाली आहे, पण जगभर भरवशाने वापरता येईल अशी लस अजून नाही. आपल्या हातात आज जे आहे ते एवढंच: रोग लवकर कळणं.

लवकर कळण्याबद्दल चेक प्रजासत्ताकाकडून शिकण्यासारखं आहे. २०१७ मध्ये तिथे झ्लीन भागात रानडुकरांत हा रोग आला. त्यांनी कुंपणं घातली, शिकारीवर नियंत्रण ठेवलं, आणि एक साधी गोष्ट केली. मेलेलं रानडुक्कर शोधून कळवणाऱ्याला पैसे दिले. जंगलात मेलेलं डुक्कर कळवण्यात कुणाचं नुकसान नव्हतं, तरीही त्यांनी कळवण्याची किंमत मोजली. वर्षभरातच तिथला रोग आटोक्यात आला. बेल्जियममध्ये २०१८ मध्ये आलेला रोगही २०२० अखेरपर्यंत संपवता आला, तिथेही मेलेल्या रानडुकरांचा शोध हा कामाचा मोठा भाग होता.

आता हे मावशींच्या शनिवारशेजारी ठेवून पाहा. फोन करून त्या थांबल्या असत्या तर त्यांना काय मिळालं असतं? बऱ्याच ठिकाणच्या नियमांत भरपाई मिळते ती खात्याच्या आदेशाने मारलेल्या जनावराची. त्याआधीच जे मेलं त्याचं काही मिळत नाही. म्हणजे फोन करून वाट पाहत बसलेल्या बाईचं डुक्कर रविवारी मेलं तर तिचे हात रिकामे. तेच शनिवारी कापलं तर निदान मांस पदरात. वर फोन केला म्हणून उरलेली दोन डुकरंही मारली जाणार, आणि त्यांचे पैसे कधी हातात पडतील याचा नेम नाही. हा हिशेब अडाणीपणाचा नाही. तिच्या जागी तुम्ही किंवा मी असतो तर आपणही हाच केला असता. तो हिशेब बदलायचं काम तुमचं आहे, तिचं नाही. हे मी रागाने लिहीत नाही. एवढी वर्षं मी तिच्यासारख्यांना दोष देत फिरलो, त्याची मला खंत आहे.

माझी पहिली मागणी म्हणूनच पैशाची आहे. डुक्कर आजारी दिसताच, सुरी लावण्याआधी ज्याने कळवलं, त्याच्या डुकराची पूर्ण भरपाई फोनच्या वेळेपासून धरा. तुमचा माणूस पोचेपर्यंत ते मेलं तरी धरा. तपासणीत रोग निघाला नाही तरी फोन करणाऱ्यावर कसलाही ठपका येऊ देऊ नका. पैसे आठवड्यांत मिळायला हवेत, वर्षांत नाही. यावर खर्च किती होईल, असं विचारणाऱ्यांनी एका बाधित क्षेत्रातली सगळी डुकरं मारण्याचा, ती पुरण्याचा, रस्ते अडवण्याचा आणि बाजार बंद ठेवण्याचा खर्च मांडून पाहावा.

दुसरी मागणी फोनचीच. क्रमांक असा द्या जो शनिवारी-रविवारी आणि रात्रीही उचलला जाईल. पलीकडच्या माणसाला डुकराची लक्षणं विचारता आली पाहिजेत आणि पाच गोष्टी तिथल्या तिथे सांगता आल्या पाहिजेत: कापू नका, मेलं तर झाकून ठेवा, कुत्र्यांना आणि बाहेरच्या कुणालाही जवळ येऊ देऊ नका, खोपटातून दुसऱ्या डुकरांकडे जाऊ नका, आम्ही अमुक वेळेपर्यंत येतो. एवढं ऐकलं असतं तर मावशींनी सुरी खाली ठेवली असती, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी शुक्रवारी फोन केलाच होता.

घरी कापण्याआधी कळवण्याची पद्धत काही देशांत आहे. पोलंडमध्ये किमान २४ तास आधी पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवावं लागतं. ही पद्धत चांगली आहे, पण कळवलेल्या निरोपाला उलट उत्तर यायला हवं. 'डुक्कर खातंय का, ताप आहे का, घरातलं दुसरं एखादं मेलं का' एवढे तीन प्रश्न विचारणारा उलट फोन आला तरी पुष्कळ अनर्थ टळेल. नुसत्या फॉर्मने काही टळत नाही, तो फायलीला लागतो.

ट्रिकिनेला कृमीसाठी डुकराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा नमुना बऱ्याच ठिकाणी सक्तीचा आहे, आणि तो असायलाच हवा, कारण हा रोग माणसाला होतो आणि वाईट होतो. तो नमुना घ्यायला कुणीतरी येतच असतं, किंवा तो कुणीतरी नेऊन देत असतं. त्याच फेरीत पाणथरीचा एक तुकडा का नेऊ नये? वेगळी यंत्रणा उभारायची गरजच नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष झालं आहे ते कापणाऱ्या माणसाकडे. बहुतेक घरांत मालक स्वतः कापत नाही, हात बसलेल्या एखाद्याला बोलावतो. तो एका आठवड्यात पाच-सहा खोपटं फिरतो. तीच सुरी, तेच बूट, तोच दोर. रोगाला याहून चांगलं वाहन मिळणार नाही, आणि रोग पकडायलाही याहून चांगला माणूस मिळणार नाही. त्याची नोंद करा, पण दंडाची पावती फाडण्यासाठी नको. त्याला एक दिवस बसवून पाणथरी, गाठी, मूत्रपिंड दाखवा, चित्रं द्या. रक्त आणि चरबी लागलेल्या सुरीवर औषध ओतून उपयोग नसतो, आधी साबणाने घासून धुवायचं, मग जंतुनाशकात अर्धा तास ठेवायचं, हे त्याच्या हातून करून घ्या. आजारी डुकराला हात लागला तर निदान दोन दिवस दुसऱ्या खोपटात पाऊल टाकायचं नाही, आणि त्या दोन दिवसांची मजुरी त्याला द्या. त्याने एक काळी पाणथरी वेळेत दाखवली तर त्याचे पैसे वसूल झाले.

घरगुती कत्तल सरसकट बंदच का करत नाही, असं तुमच्यापैकी काहींचं म्हणणं असतं. साथ निघालेल्या ठिकाणाभोवती काही काळ ती थांबवावी लागते, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि घरी कापलेलं मांस विकू देऊ नये यावरही मी ठाम आहे. पण कायमची बंदी मी राबवून पाहिली आहे. डुकरं तेवढीच राहिली, कत्तलीही तेवढ्याच झाल्या, फक्त त्या रात्री व्हायला लागल्या. रात्री पाणथरीचा रंग दिसत नाही, रक्त अंधारात धुतलं जातं आणि आतडी घाईघाईने ओढ्यात जातात. तिथून ती रानडुकरांना सापडतात. रानात शिरलेला रोग बाहेर काढणं किती कठीण असतं हे युरोपाने भोगलं आहे.

आतड्यांचं तर प्रत्येक नियमावलीत एका ओळीत उरकलेलं असतं, 'योग्य विल्हेवाट लावावी'. योग्य म्हणजे काय? कुत्रा किंवा रानडुक्कर उकरून काढणार नाही इतका खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, आणि कत्तलीच्या आधी खणून ठेवलेला, कारण कत्तलीनंतर थकलेला माणूस खड्डा खणत नाही. जिथे कठीण जमीन आहे तिथे खात्याने गोळा करून नेण्याची सोय करावी. हे असं लिहा, म्हणजे करता येईल.

पाळणाऱ्यांनाही माझं एक सांगणं आहे. मांसाचा अंश असलेलं खरकटं डुकराला घालू नका, उकळूनही नको. उकळताना मधला भाग किती तापला हे घरी कुणी मोजत नाही.

शेवटची विनंती सगळ्यात सोपी आहे आणि तिला खर्चही नाही. पुढच्या नियमांचा मसुदा तयार झाला की तो छापण्याआधी अशा एखाद्या घरी घेऊन जा जिथे दोन-तीन डुकरं आहेत आणि दरवर्षी एक कापलं जातं. मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारी बाई जिथे थांबवेल आणि 'म्हणजे मी नेमकं काय करायचं?' असं विचारेल, तिथे पेन्सिलने खूण करा. मला बोलावलंत तर मीही येईन. मावशींचं घर मला माहीत आहे, त्यांनी यंदा पुन्हा दोन पिल्लं घेतली आहेत.

आपला नम्र,
एक पशुवैद्य